अंक नववा

'तेरावा धागा', अंक नववा, पाने बत्तीस, किंमत साठ.
कन्ना चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात
लग्नपत्रिकांच्या नमुन्यांखाली ठेवलेला असतो,
मागितल्याशिवाय काढत नाहीत.

आधी मुखपृष्ठ.
पुन्हा लिंबू, पुन्हा काळी बाहुली, पुन्हा कुंकवाचा सडा.
अहो गुंडला, सोलापुरात लिंबाला कोण भितं?
चौकातल्या उतरवलेल्या लिंबावरून
सकाळी दहापर्यंत शंभर रिक्षा जातात.

कथा अशी:
बंद कारखान्यात एक जॅकार्ड माग
रात्री दोनला आपोआप चालू होतो.
पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडणारा कुणी
जाता जाता एक भोक जास्त पाडून गेलाय,
त्यातून खालचं काहीतरी वर येतं
आणि चादरीत विणलं जातं.
ती पांघरून झोपलेल्याच्या अंगावर
सकाळी मोर उठलेला असतो,
पाठीवर, नखांत, मग बुबुळात.

हे उत्तम. हे इथलाच माणूस लिहू जाणे.
राजमौळी गुंडलानं बावीस वर्षं
आलेखाच्या कागदावर चादरींची नक्षी काढली,
एकेक चौकोन भरत.
म्हणून त्याच्या भुतालाही गोलाई नाही,
ते वळलं की खांद्याला पायऱ्या पडतात.

आता दोष.
पान अकरावर मांत्रिक संस्कृत बोलतो, तेही चुकीचं.
आमच्याकडचा भानामतीवाला
तेलुगूत भाव करतो, कन्नडात शिव्या देतो
आणि मराठीत पावती मागितली की गप्प बसतो.
तसा लिहा.
रक्तही आवरा. पान सोळावरचं
समोरच्या पानावरच्या बाईच्या कपाळाला लागलंय.
हा दोष की करामत, मला ठरवता आलं नाही.

पान चोवीसवर भूत नाही.
टाइम ऑफिसची भिंत, खिळ्यांच्या रांगा,
बिल्ले ज्याचे त्यानं नेलेले.
एक राहिलाय, पितळी.
दोन, तीन, एक,
आणि पुढं शाई फाटलेली.

मी पंखा बंद केला.
आमच्या अण्णांचा तेवीसशे सतरा.
शेवटच्या पाळीला ते गेलेच नव्हते,
मला गोवर होता, उशाशी बसले होते.
पुढं कधीही जेवताना मध्येच म्हणायचे,
बिल्ला तिथंच आहे बरं का, खिळ्यावर.

परीक्षण लिहिणाऱ्यानं लेखकाला भेटू नये,
हा माझा जुना नियम.
दाजी पेठेत जिना अरुंद होता.
वर त्याची बायको सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती,
तिनं वर न बघता सतरंजी सरकवली.
तो आकडा कुठनं आणला, मी विचारलं.

"तुम्ही एकोणिसावे," गुंडला म्हणाला.
"मी दोनच आकडे काढले होते.
बाकीचं छापखान्यात काय झालं, देवाला ठाऊक.
कुणाला बापाचा वाटतो, कुणाला सासऱ्याचा.
परवा एक म्हातारा आला, चप्पल न काढता उभा राहिला,
म्हणाला, माझा आहे, द्या."
मग?
"मग काय. मूळ चित्रातनं कापून दिला."
चित्र दाखवलं त्यानं.
भिंतीत रुपयाएवढं भोक,
त्यातून त्याच्या बायकोचं सूप दिसत होतं.

तर वाचकहो, तारे देत नाही.
टाचणी सैल आहे, मधली चार पानं हातात येतात.
शेवटच्या चौकटीत 'क्रमशः' दोनदा छापलंय.
लहान मुलांना देऊ नका,
गिरणीत गेलेल्या माणसांना तर मुळीच नको.

अंक उशाशी घेऊन झोपलो,
म्हणजे पडून राहिलो, दोन वाजेपर्यंत, कान देऊन.
काही चालू झालं नाही.
एक कुत्रं, एक मालगाडी, बस्.
इतकं वाईट मला कुठल्याच भुतानं वाटवलं नव्हतं.

सहा अंकांची वर्गणी तीनशे. मी भरली.
पावतीवर वर्गणीदाराचा क्रमांक असतो.
तो अजून वाचलेला नाही.